वाघ गेला

"कुत्र्याचा फोटो काढणारा मानूस सबन यवतमाळ जिल्ह्यात एकच हाये, अन् तो तुमच्या समोर उभा हाये! बाकीचे फोटोवाले निस्ती शेपूट काढतेत. तवरोक तोंड निंगून गेलं राह्यते!"

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात फुलचंद आडे हे भाषण दर आठवड्याला ठोकायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, अजून माणसांनाच फोटोची सवय नव्हती, आणि हा गडी कुत्र्यांचे फोटो काढत हिंडायचा! लग्नाबिग्नाचे फोटो काढायचा तो पोटासाठी. कुत्र्यांचे काढायचा तो जिवासाठी.

या खुळाचं मूळ होतं तांड्यात. आजोबा भावसिंगांकडे लांब पायांची, बारीक कमरेची शिकारी कुत्री होती. फुलचंद त्यांच्यातच वाढला. थंडीच्या रात्री त्याची आई घोंगडीखालची पोरं चाचपून मोजायची, तर एकाला हमखास शेपूट निघायची! त्यातली शेरी नावाची कुत्री म्हणजे फुलचंदची सावलीच. ती मेली तेव्हा पोराने भाकरीला हात लावला नाही. पुढे पुढे तर तिचं तोंडही नीट आठवेना. डोळे आठवले की कान निसटायचे, कान आठवले की डोळे. तेव्हाच त्याने ठरवलं, कुठल्याच कुत्र्याचं तोंड असं पुसलं जाऊ द्यायचं नाही. मोठा झाल्यावर यवतमाळला एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकला आणि दारव्ह्यात स्वतःचं दुकान थाटलं.

कॅमेऱ्याच्या दोन तिवया होत्या त्याच्याकडे. उंच ती माणसांची, बुटकी ती कुत्र्यांची. कुत्र्याचा फोटो त्याच्या डोळ्याला डोळा लावून काढायचा, हा त्याचा सिद्धांत! त्यासाठी तो जमिनीवर पालथा पडायचा, डोक्यावर काळं कापड ओढायचा आणि आतून लाडाने म्हणायचा, "यू यू यू! पाह्य माह्या राजा!" कुत्रं कान टवकारून बघायला लागलं, की झालाच फोटो.

सगळा जीव कुत्र्यांत गेल्यावर माणसांसाठी उरणार काय? घरंसुद्धा तो कुत्र्यांवरून ओळखायचा. बोरगावचे वाघ कोण, असं विचारलं तर डोकं खाजवायचा. वाघ्याचं घर म्हटलं की डोळे झाकून नेऊन सोडायचा!

वाघांच्या घरचा म्हणून त्या कुत्र्याचं नाव वाघ्या. मागच्या पोळ्याला पंजाबराव वाघांनी त्याचा झकास फोटो काढून घेतला होता. पंजाबरावांचे वडील डोमाजी तेवढे फोटोला बसले नाहीत. "फोटोनं आयुष्य घटते!" असं ओरडत ते काठी घेऊन फुलचंदच्या अंगावर धावून आले होते. त्या दिवशी वाघ्याही अंगावर धावून आला होता. फुलचंदच्या लक्षात राहिला तो वाघ्या.

अशात एका सकाळी वाघांचा सालदार फकिरा बैलबंडी घेऊन दुकानापुढे हजर.

"फुलचंदभाऊ, वाघ गेला!"

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुण्याकडे कोणी वारलं की 'गेले' म्हणतात. मान राहतो आणि घोटाळाही होत नाही. आमच्या वऱ्हाडात बाप आला, मामा गेला, सासरा निजला. सगळा कारभार एकेरी! मान असतो, पण तो मनात. जिभेवर कशाला हवा? त्या मनातल्या मानाने फुलचंदचा घात केला.

"गेला?" फुलचंद मटकन खाली बसला. "कसा गेला रे?"

"राती चांगला व्हता. भाकर खाल्ली, वसरीत निजला. सकाऊन उठलाच नाही."

"काई दुखनं-गिखनं?"

"कायचं दुखनं! काल दिवसभर तं सगळ्यायवर भुकून राह्यला व्हता. पंजाबराव म्हनते, नेयाच्या आंधी आखरीचा फोटो पाह्यजे. चाला लवकर!"

फुलचंदने भरल्या डोळ्यांनी बुटकी तिवई उचलली, कॅमेरा आणि उरलेली एकुलती एक काचेची प्लेट घेतली आणि बंडीत बसला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांचं पाणी खळेना. फकिरा तर बघतच राहिला.

"भाऊ, तुमी त बेज्या रडून राह्यले! गावात अजून कोनी एवढं रडलं नाही."

"त्याइले काय समजते त्याची किंमत!" फुलचंद हुंदका देत म्हणाला.

बोरगावला पोचला तर वाघांचं अंगण माणसांनी भरलेलं. फुलचंदचा ऊर भरून आला. एका कुत्र्यासाठी सारा गाव लोटला! याला म्हणतात माणुसकी! वाघ्या कुठे दिसत नव्हता. आत तयारी चालली आहे, असं कोणीतरी म्हणालं. डोमाजीही दिसत नव्हते. म्हातारा काठी टाकून कोपऱ्यात रडत बसला असेल, असा विचार करून फुलचंदला त्यांची दयाच आली. डोमाजींची बायको रुखमाबाई वसरीत बसली होती. तो सरळ तिच्यापुढे जाऊन बसला.

"माय, असा पुन्हा होनार नाही."

"नाही रे बाबू," रुखमाबाईने पदराने डोळे टिपले.

"पह्यल्यांदा तं माह्या आंगावरच धावून आला व्हता!"

"सगळ्यायच्याच जाये."

"पन भाकर दाखोली का चूप!"

"हो बाप्पा. भाकर पाह्यली का चूप."

बायका माना हलवू लागल्या. फोटोवाल्याने म्हातारा किती नेमका ओळखला होता! फुलचंदला आणखी हुरूप आला.

"मागच्या पोळ्याले माह्या मांडीवर डोकं ठेवून निजला व्हता ना!"

पंजाबराव चमकले. "आमचा? तुमच्या मांडीवर?"

"मंग! पोट खाजवलं का डोये मिटे."

"पोळ्याचा दिवस व्हता, पेला असन," मागून कोणीतरी पुटपुटलं.

तिथेच थांबला असता तर निभावलं असतं. पण दैव आड आलं! रुखमाबाईला हुंदका फुटला आणि फुलचंदचा कुत्र्यांसाठीचा सगळा कळवळा एकदम उसळून वर आला.

"रडू नोको माय! म्या तुले दुसरा आनून देतो!"

रुखमाबाईचं रडणं थांबलं.

"आमच्या तांड्यावर एक हाये. तरना हाये, दात एकदम पक्के! आठ दिवसांत तुले असा लळा लावते का नाही पाह्य. येकदम घरात घेऊ नोको, दोन दिवस दारात बांधून ठेव. पट्टा म्या आनतो!"

बायकांचे पदर तोंडाला गेले, ते रडण्यासाठी की कशासाठी, देव जाणे. पंजाबराव सावकाश उठले. त्यांचा हात कोपऱ्यातल्या काठीकडे गेला, तीच डोमाजींची काठी!

आणि तेवढ्यात गोठ्याकडून धावत आलेल्या कोणीतरी फुलचंदच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले आणि त्याचं तोंड चाटायला सुरुवात केली.

"वाघ्या!" फुलचंद किंचाळला. "अरे, तू जिता हायेस? मंग गेला कोन?"

"माहा बाप," पंजाबराव म्हणाले.

धरणी दुभंगली तर बरं, असं आपण म्हणतो. फुलचंदने त्या दिवशी खरोखर खाली वाकून पाहिलं. धरणी घट्ट होती! कानशिलं अशी तापली की त्यावर भाकर भाजून निघाली असती. तोंडातून नुसतं "याडी! याडी!" निघू लागलं. तांड्याच्या बोलीत आईला हाक मारतात, तशी तो मारत होता. उठून पळून जावं, असं एकदा मनात आलं. पण रुखमाबाई त्याच्याकडे बघत होती.

"बाबू," ती हळूच म्हणाली, "घरात याचा एकबी फोटो नाही. उद्या याचं तोंड आठोलं नाही तं मी काय करू?"

फुलचंदला शेरीचे निसटलेले कान आठवले. तो उठला.

त्या काळी रीतच होती. जितेपणी जो फोटोला बसला नाही, त्याला मेल्यावर का होईना, बसवायचंच! डोमाजींना फेटा बांधून, खुर्चीत बसवून अंगणात आणलं. फुलचंदने तिवई उभी केली. बघतो तर काय! तिवई बुटकी! कुत्र्यांची!

दुसरा इलाज नव्हता. साऱ्या गावासमोर तो डोमाजींच्या पायांशी पोटावर पालथा पडला.

"पाह्य, माफी मागून राह्यला," कोणीतरी म्हणालं. मागतच होता बिचारा! काळं कापड डोक्यावर ओढलं, तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला. तोंड लपवायला जगात त्याहून चांगली जागा नव्हती. जन्मभर आतच राहावं, असं त्याला वाटलं.

पण एकुलती एक प्लेट होती आणि म्हातारीचा जीव तिच्यावर टांगलेला. त्याने नेम धरला, हात स्थिर केला, लेन्सवरचं झाकण काढायला बोटं लावली आणि जन्माची सवय तोंडातून निसटली.

"यू यू यू! पाह्य माह्या राजा!"

डोमाजी काय पाहणार! वाघ्या मात्र तीरासारखा आला, मालकाच्या पायाशी बसला आणि कान टवकारून कॅमेऱ्यात पाहू लागला.

"हाकला ते कुत्रं!" पंजाबराव गरजले. "अन् त्या फोटोवाल्यालेबी!"

"राहू दे," रुखमाबाई म्हणाली. "त्याच्यापाशी येकटा तोच त बसे."

फोटो निघाला. फुलचंदने पैसे घेतले नाहीत, पाणीही प्यायला नाही. नंतर कितीतरी दिवस तो बाजाराच्या रस्त्याने गेला नाही. भाषण तर कायमचं बंद! दुकानात कोणी हसलं तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतात. बहुतेक वेळा खरंच त्यालाच हसत असत. तालुक्यातून मौतीच्या फोटोचा निरोप आला की आणणारा दुरूनच ओरडायचा, "फुलचंदभाऊ, गेला! मानूस गेला बरं का, मानूस!"

तेराव्याला फोटो घेऊन तो बोरगावला गेला. दारातूनच देऊन पळायचं ठरवलं होतं. पण रुखमाबाईने हाताला धरून बसवलं आणि ती फोटो पाहत राहिली. खालून काढल्यामुळे बुटके डोमाजी कलेक्टरसारखे उंचच उंच दिसत होते, आणि पायाशी वाघ्या.

"बुढा जलमात पह्यल्यांदा उंच दिसला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "तू दुसरा आनून देतो म्हनलं व्हतं ना?"

फुलचंदची मान गुडघ्यात गेली. "माय, चुकलो. लाजवू नोको आता."

"लाजू कायले! आन. हा वाघ्या भाकर खात नाही, याले कोनी जोडी पाह्यजे. पन जास्त भुकनारा नोको. येक सांभाळला म्या सारी जिंदगी!"

फुलचंद दुसऱ्याच दिवशी तांड्यावर गेला आणि सगळ्यांत गरीब स्वभावाची एक लहानगी कुत्री उपरण्यात गुंडाळून घेऊन आला. वाघ्याने तिला हुंगलं, शेपूट हलवली. किती दिवसांनी फुलचंदच्या तोंडावर हसू आलं.

"माय, नाव काय ठेवू इचं?"

"तुले वाटन ते ठेव बाबू," रुखमाबाई म्हणाली. "फक्त माह्यं सोडून!"