मार्तंडरावांचं व्यासपीठ

"ज्या गावात लेखक आणि वाचक समोरासमोर बसत नाहीत, त्या गावाला संस्कृती नाही!" अशी घोषणा मार्तंडराव नांदूरकरांनी नगरात, आपल्या पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवरून केली. ऐकायला शेजारचा शिंपी होता.

"बसणार कुठं?" त्यानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. दुकान एका खणाचं. तरी पहिला लेखक स्टुलावर बसला, श्रोते कपाटांमध्ये अंग चोरून उभे राहिले, तासभर गप्पा झाल्या आणि जाताना बहुतेकांनी पुस्तक नेलं. कार्यक्रम इतका चांगला झाला, की त्यात सुधारणा करणं भाग पडलं.

सुधारणा निवृत्त मुख्याध्यापक शामकांत सरांनी केल्या.

"मार्तंडराव, सभेला अध्यक्ष नाही?"

"सर, लेखक बोलतो ना."

"म्हणूनच. त्याला आवरायला कुणीतरी नको?"

दुकाळाचं साल होतं. नळाला पाणी दिवसाआड यायचं. अध्यक्षांचा मात्र गावात तुटवडा नव्हता. अध्यक्षांमागून प्रमुख पाहुणे आले, पाहुण्यांमागून स्वागताध्यक्ष. या मंडळींना उभं कसं ठेवणार? खुर्च्या आल्या. खुर्च्यांना जागा हवी, म्हणून कपाटं मार्तंडरावांच्या घरी गेली.

"अहो, डाळीच्या डब्यामागं कादंबऱ्या लागल्यात," त्यांच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या. "उद्या आमटीत नायिका निघाली तर मला बोलायचं नाही!"

अशात मार्तंडरावांच्या हाती राजूरच्या शिक्षिका प्रेमलाबाई नवले यांचा पहिला कथासंग्रह पडला. त्यातली एक गोष्ट वाचून ते गिऱ्हाईक समोर असताना रडले. त्यांनी बाईंना पत्र टाकलं: ही एवढी गोष्ट तुमच्या तोंडून गावाला ऐकवा, बाकी काही नको. बाईंचा होकार आला. गोष्ट आजवर कुणाला वाचून दाखवलेली नाही, भीती वाटते; पण येते. संध्याकाळच्या एस.टी.नं परतायला मात्र हवं.

मार्तंडरावांनी पुस्तकाचे गठ्ठेच्या गठ्ठे मागवले. शामकांत सरांनी अध्यक्ष मागवले: साखर कारखान्याचे संचालक सूर्यभानराव.

"त्यांना काय श्रोत्यांच्या पातळीवर बसवणार?" सर म्हणाले. "व्यासपीठ पाहिजे."

मांडववाल्याचं व्यासपीठ दुकानाच्या दारातून आत जाईना. सगळे खोळंबले. शेवटी सरांची नजर दोरीनं करकचून बांधलेल्या नव्या गठ्ठ्यांवर गेली. गठ्ठे मांडले, वर फळ्या टाकल्या, त्यावर सतरंजी. सरांनी स्वतः चढून दोन उड्या मारून पाहिल्या.

"भक्कम! साहित्यात एवढा भक्कमपणा हल्ली दिसत नाही."

कार्यक्रम थाटात सुरू झाला. दीप लागला, स्वागतगीत झालं, परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. बाईंच्या लेखनातल्या मातीच्या वासावर तिघे बोलले. प्रेमलाबाई एका कडेला, घड्याळाकडं बघत. दारात मार्तंडराव सरांना खुणा करून थकले. सरांना वाटलं, वारा घालताहेत.

मग सूर्यभानराव उठले. "मी काय वाचीत न्हाई. येळच मिळत न्हाई. पन सांगतो, पुस्तक ह्यो समाजाचा पाया हाय, पाया!" असं म्हणून त्यांनी पाय आपटला. फळी करकरली, पण पाया हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीआम्हीही होतोच. सूर्यभानराव समाधानानं पुन्हा खुर्चीत विसावले.

"आता लेखिका दोन शब्द बोलतील," सर म्हणाले. "दोनच. आभार राहिलेत."

प्रेमलाबाई उठल्या. एस.टी. सुटायला थोडाच अवकाश होता. घाई केली असती तर तेवढ्या वेळात गोष्ट बसली असती.

"एक प्रत देता?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांनी स्वतःची आणली नव्हती. विहिरीवर जाताना घागर भरून कोण नेतं?

सरांनी परिचय करून देणाऱ्याकडं पाहिलं. त्यानं मातीच्या वासावर बोललेल्या तिघांकडं. तिघांनी श्रोत्यांकडं. श्रोत्यांनी छताकडं. पुस्तक कुणापाशीच नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मार्तंडरावांची नजर तेवढी खाली सतरंजीवर गेली. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले आणि बाईंच्या कानाशी लागले. बाईंनी ऐकून घेतलं, पदर सावरला आणि अध्यक्षांपुढं हात जोडले.

"साहेब, जरा उठता का? माझं पुस्तक तुमच्या खाली आहे."