बिनसोंगाचा खेमा

कारंज्यापासून रिसोडपर्यंत आपल्याला सोंगात ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय, अशी खेमा बहुरूप्याची शेखी होती! दरसाल सुगी आटोपली की तो कामरगावात यायचा, चावडीच्या खोलीत गाठोडं टाकायचा आणि आठ दिवस रोज नवं सोंग काढायचा. कधी डॉक्टर, कधी साधू, कधी दिवस भरलेली बाई. हवालदार तर असा, की खरे चोर गाव सोडायचे. निदान तो स्वतः तरी असं सांगायचा. शेवटच्या दिवशी रंग धुवायचा आणि साध्या वेषात दारोदार जाऊन बिदागी घ्यायची, ही रीत.

यंदा बिदागीचं त्याला काही पडलं नव्हतं. मारोतराव पाटलांच्या तुळसाबाईनं त्याला बजावलं होतं, "खेमा, शेवटच्या दिवशी आपल्या घरी रोडगे हायत. पंगतीत बसून जेवजो!" त्याची बायको रुपाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो झाडाखाली जेवला, देवळाच्या ओट्यावर जेवला, पण चार माणसांत बसून कधी जेवला नव्हता. त्या एका दुपारसाठी तो दिवस मोजत होता.

आणि आदल्याच संध्याकाळी घात झाला! चावडीत पंचायतीच्या रेडिओवर नाटक लागलं. कुठल्याशा ताऱ्यावरून एक राक्षस उतरतो, हव्या त्या माणसाचं रूप घेऊन घरात शिरतो आणि घरच्यांना गिळतो! त्याचं खरं रूप कसं? तर अगदी साधं, कुणीच कधी न पाहिलेल्या माणसासारखं! बायांनी पदर तोंडात धरले. सरपंच बबनराव विझलेली बिडी ओढत राहिले. जटा लावून मागं बसलेला खेमा मात्र हळहळला. बिचाऱ्याला कुणी सरळ घरी बोलावलं नसेल, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी खेमा घासून घासून नाहला, गुळगुळीत दाढी केली, धुवट धोतर नेसला आणि पाटलांच्या दारात उभा राहिला.

"राम राम, पाटील!"

मारोतरावांनी वर पाहिलं. "कोन व्हय तुमी?"

"मी जी! वळखलं नाही काय?"

"नाही बा."

खेमा हसला. हसायला नको होतं. रेडिओतला राक्षसही असाच हसला होता!

"अजी, कालचा साधू मीच! परवाची बाई मीच! त्याच्या आंधीचा डाक्टरबी मीच!"

झालं! पंगतीला आलेले बबनराव ताडकन उठले. "रूपं बदलवतो म्हंते! अरे, पाहून काय राह्यले? धरा त्याले!"

चार गडी धावले. खेमाची वरात निघाली आणि चावडीच्या खोलीत जाऊन थांबली. बाहेरून कडी लागली.

"मी खेमा हो!" तो आतून ओरडला.

"खेमाले का आमी वळखत नाही?" बबनराव गरजले. "त्याले ह्या एवढ्या मिशा हायत!"

खेमा मटकन खाली बसला. दहा वर्षं बिदागी घालताना हे लोक त्याला साध्या वेषात पाहत होते आणि तरी त्याचा चेहरा कुणाच्याच ध्यानात नव्हता. रुपाबाईनं नुसत्या खोकल्यावरून ओळखलं असतं. त्याला रडूच आलं. पण रडता रडता शेजारी आपलंच गाठोडं दिसलं. त्यानं खाकी चढवली, मिशा डकवल्या आणि खिडकीला तोंड लावलं.

"कोन हाय रे तिकडं? सरकारी मानसाले कोंडता? साऱ्याइले आत टाकीन!"

"अरे, हा त खेमा!" सगळे एकदम ओरडले. मारोतरावांनी धावत येऊन कडी काढली. "तू कवा आत गेला बाप्पा? अन् तो राक्षस कोठी गेला?"

"गिळला म्या त्याले."

मग काय, खेमाला पंगतीत पहिलं पान! तुळसाबाई वाढता वाढता म्हणाली, "मिशी त काढ! वरनात बुडून राह्यली."

"राहू द्या माय. मिशी काढली त तुमी सारे उठून पळसान."

पंगत खदखदून हसली. खेमाही हसला, जरा उशिरानं.

"तुवा त पाह्यला त्याले," तुळसाबाई हळूच म्हणाली. "कसा दिसे रे?"

"एकटा दिसे, माय."

तुळसाबाई चुकचुकली. तिनं पत्रावळीवर दोन रोडगे आणि वांग्याची भाजी घेतली आणि वेशीबाहेरच्या निंबाखाली नेऊन ठेवली. "राक्षस असला तरी काय झालं? आपल्या दारातून उपाशी काहून जाव त्यानं!"

ऊन कलल्यावर खेमा गाव सोडून निघाला. निंबापाशी आला तसा थांबला. मिशी काढून खिशात ठेवली आणि मांडी घालून त्या पत्रावळीसमोर बसला. पोट भरलेलं होतं, रोडगे पार गार झाले होते, तरी त्यानं कण ठेवला नाही. बोलावणं त्याचंच होतं ना! पण प्रत्येक घासाला मान वळवून वेशीकडे पाहत होता. कुणी पाहिलं असतं, तर पुन्हा कोंडलं असतं!