सासऱ्यांच्या मापाची गाडी

चाकांची अलाइनमेंट करायला मेकॅनिक लागतो, ही मेकॅनिक लोकांनीच उठवलेली अफवा आहे, असं मी रविवारी सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो!

माझी गाडी म्हणजे दोनच सीटची, लालभडक, जमिनीला पोट घासत जाणारी स्पोर्ट्स कार. बारा वर्षं वाट पाहून घेतलेली! फक्त ती डावीकडे ओढायची. शुक्रवारी तिनं बायकोला थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात नेलं. बायको कुंपणातूनच ओरडली, "रविवारी रेसच्या ट्रॅकवर मी स्वतः बघायला येणार. सरळ गेली तर ठेव, नाहीतर सोमवारी विकायची!"

"ट्रॅकच काय, रस्त्यावरही बाणासारखी जाईल!" मी म्हणालो.

आता ट्रॅक आणि रस्ता यांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य! चाकं वरून जरा आत झुकवली की गाडी वळणावर चिकटून राहते, पण रस्त्यावर टायर आतून झिजतात. चाकं ताठ ठेवली तर टायर वाचतात, पण वळणावर गाडी घसरते. मी मधला मार्ग काढायचं ठरवलं. शनिवारी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणला, टेप घेतली आणि गॅरेजवाल्याला फोन लावला.

"मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा," तो म्हणाला. "गाडी दबली की माप बदलतं. आणि वजन..."

"कळलं, कळलं!" मी फोन ठेवला. अर्धवट ऐकून पूर्ण कामाला लागणं हा माझा जुना गुण आहे.

मी गाडीखाली, मग सीटवर कोण? बायको बोलत नव्हती. राहिले मुक्कामाला आलेले सासरे. वजन एकशे आठ किलो. माझं बावन्न.

"बाबा, जरा बसता का? पाचच मिनिटं!"

ते बसले. गाडीनं उसासा टाकला. पाच मिनिटांचे तीन तास झाले.

"बाबा, हलू नका! माप बदलतं!"

"अहो जावईबापू, नाकाला खाज सुटलीय!"

"उजव्या हातानं खाजवा, डावा खांदा तसाच ठेवा!"

"आणि शिंक आली तर?"

"उद्या द्या!"

संध्याकाळी सगळी मापं तंतोतंत जुळली. सासऱ्यांना मात्र बाहेर काढता काढता आम्हा नवराबायकोला घाम फुटला, कारण त्यांना निघायचंच नव्हतं. ते स्टिअरिंग धरून तोंडानं "घुर्रर्र" करत होते.

रविवारी मी ऐटीत ट्रॅकवर उतरलो. बायको आणि सासरे तिच्या गाडीतून आले होते. पहिलं वळण आलं आणि माझी गाडी आता उजवीकडे ओढायला लागली! तीन शंकू उडाले, झेंडेवाला झेंडा टाकून पळाला आणि मी दोन गिरक्या घेऊन गवतात, बरोबर बायकोसमोर येऊन थांबलो.

तिनं मोबाइल काढला आणि गाडीचा फोटो घेतला. विक्रीच्या जाहिरातीसाठी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

गॅरेजवालाही ट्रॅकवर आला होता. त्यानं वाकून चाकं पाहिली.

"मोजताना सीटवर कोण होतं?"

"सासरे."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत त्यांच्याकडे.

"साहेब, शर्ट त्यांच्या मापाचा शिवलात आणि घातलात तुम्ही! वजन तुमच्याएवढंच हवं, हे सांगेपर्यंत फोन बंद!"

"म्हणजे ही गाडी माझ्या मापाची?" सासऱ्यांनी विचारलं. हेल्मेट त्यांनी कधीच डोक्यावर चढवलं होतं.

त्यांनी मारल्या पाच फेऱ्या! सरळ रस्त्यावर बाण, वळणावर गोचीड! झेंडेवालाही टाळ्या वाजवत होता. बायकोनं फोटो पुसला. शब्द म्हणजे शब्द. गाडी राहिली!

घरी येताना अर्थातच तेच चालवत होते. मी शेजारी अंग चोरून बसलो होतो. कुंपणवाले शेजारी दिसले, म्हणून मी खिडकीतून जरासा हात हलवला.

"जावईबापू, हलू नका!" सासरे गरजले. "माप बदलतं!"