टिश्यूच्या पुडक्याचा समुद्रप्रवास

सिंगापूरहून निघालेल्या आमच्या आलिशान जहाजावर दुसऱ्या दिवशी सकाळी पोहण्याच्या तलावाभोवतीच्या सगळ्या आरामखुर्च्या भरलेल्या होत्या. माणूस मात्र एकाही खुर्चीत नव्हता. प्रत्येक खुर्चीवर टिश्यूचं एकेक पुडकं होतं, आणि सिंगापुरात त्याचा अर्थ एकच होतो: जागा अडलेली आहे, मालक खायला गेला आहे, हात लावाल तर खबरदार.

मी मूळची सांगलीची. पण इथे इतकी वर्षं काढली आहेत की खाऊगल्लीत शिरले की आधी टेबलावर पुडकं ठेवते आणि मग चिकन राइसच्या रांगेत उभी राहते. विसरलेला मोबाइल एक वेळ कुणी उचलेल, पुडकं नाही. पण जहाजावरचे वाढपी आणि सफाईवाले पडले बाहेरचे. त्यांनी तो कचरा समजून सगळी पुडकी गोळा केली आणि टोपलीत टाकली. झालं! अर्ध्या तासात शिष्टमंडळ निघालं. पुढे मिस्टर सेआह, निवृत्त उपमुख्याध्यापक, अर्ध्या चड्डीत.

"आज तुम्ही आमची पुडकी उचललीत," ते अतिथी-सौख्य अधिकारी मनालो यांच्यावर कडाडले, "उद्या आम्हाला उचलाल!"

मनालो फिलिपिन्सचे, स्वभावाने गरीब. त्यांनी दुपारच्या आत परिपत्रक काढलं: 'टिश्यूचे पुडके हे प्रवाशाचे अधिकृत प्रतिनिधी समजण्यात येईल. ते हलवणे, ओलांडणे अथवा त्याचा अनादर करणे सक्त मना आहे.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारला.

एकदा प्रतिनिधी म्हटल्यावर त्याला मानमरातब आलाच. संध्याकाळी नाट्यगृहात जादूगाराने भरगच्च पुडक्यांसमोर आपले प्रयोग केले आणि शेवटी वाकून नमस्कारही केला. प्रेक्षक त्या वेळी खेकडा संपायच्या आत जेवणघर गाठून बसले होते. लिफ्टमध्ये पुडकी असल्यामुळे आम्ही जिने चढलो. व्हिएतनामच्या 'हा लाँग' उपसागरात ते हिरवे डोंगर पाण्यातून वर येत होते तेव्हा कठड्यावर पुडक्यांची रांग लागली होती आणि माणसं आत गरम शेवया ओरपत होती. हाँगकाँगला तर सहलीची बस पुडकी घेऊनच डोंगरावर गेली. गाइड परत येऊन म्हणाली, "इतका शांत गट आजवर मिळाला नव्हता."

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो क्वेक आंटीत. आंटी म्हणजे आमच्या इमारतीतली, समोरच्या दारातली म्हातारी. तिला ना जहाजाचा पुढचा थांबा नागासाकी बघायचं होतं, ना खेकडा खायचा होता. तिची धाकटी बहीण सिओक एंग लग्न करून तैवानातल्या कीलुंगला गेली, आणि तिचं तोंड आंटीने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. दर वर्षी फोनवर "पुढच्या वर्षी नक्की येते" म्हणायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. आता बहिणीचे गुडघे गेले, हिला विमानाची धडकी. म्हणून हे जहाज. कीलुंगला ते फक्त दिवसभर थांबणार होतं. आंटीने अननसाचे टार्ट स्वतः भाजून डबा भरला होता आणि तो ती उशाशी घेऊन झोपत होती.

कीलुंगच्या सकाळी आम्ही डबा घेऊन निघालो तर उतरायची रांग शिडीच्या तोंडापासून, दोन जिने वळून, थेट वाचनालयाच्या दारापर्यंत आलेली. सगळी पुडकी, ओळीने मांडलेली. मालक वर नाश्त्याला. आंटी शेवटच्या पुडक्यामागे निमूटपणे उभी राहिली.

"अगं आंटी, चल पुढे! इथे आहे कोण?"

"अय्या, सु, पुडकं ओलांडायचं? मी काय टुरिस्ट आहे?"

मी तणतणत मनालोंकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, पहिला प्रवासी उतरला की रांग आपोआप सरकेल."

"पहिला प्रवासी म्हणजे ते निळं पुडकं!"

"त्याने अजून उतरण्याची इच्छा दर्शवलेली नाही," मनालो म्हणाले.

दुपार झाली. नाश्त्याचं जेवण झालं, तरी वरून कुणी हलेना. जागा तर अडवून ठेवली आहे, मग घाई कशाला? जिन्याच्या गोल खिडकीतून धक्का दिसत होता. तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर छत्री उघडून एक म्हातारी बसली होती. आंटीचा फोन वाजला.

"दिसतंय मला तुझं जहाज," सिओक एंगचा आवाज मलाही ऐकू आला. "उतरतेस की नाही?"

"रांग आहे गं."

"किती माणसं आहेत पुढे?"

आंटी पुढे बघत राहिली. "माणसं नाहीत."

"मग?"

"पुडकी आहेत."

सिओक एंग म्हणाली, "ताई, यायचं नव्हतं तर तसं सांगायचंस. मी उन्हात कशाला बसले असते?" आणि फोन ठेवला.

आंटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाक गळायला लागलं. तिने पर्स चाचपली, पण तिचं स्वतःचं पुडकं जेवणघरात खुर्ची धरून बसलेलं. मग ती खाली वाकली, समोरचं पुडकं उचललं, फाडलं, आणि चक्क नाक शिंकरलं.

जिन्यावरचा सफाईवाला जागच्या जागी थिजला. टिश्यूचा असाही उपयोग असतो हे त्या जहाजावर सगळे विसरले होते.

एका कागदाने काय होतंय! इतक्या वर्षांचं रडं होतं ते. आंटी एक पाऊल पुढे सरकली, दुसरं पुडकं उचललं, डोळे पुसले. तिसरं, चौथं. हुंदके देत ती जिना उतरत निघाली आणि मी डबा घेऊन मागे. हुंदके ऐकून मिस्टर सेआह तोंडात पाव घेऊन धावत आले. "मनालो! ती पुडकी हलवतेय!"

मनालोंनी परिपत्रक काढून नीट वाचलं. "हलवणं मना आहे, ओलांडणं मना आहे. मॅडम ती वापरताहेत. वापरण्याविषयी नियम नाही."

तोवर आंटी शिडीपाशी पोहोचून निळ्या पुडक्यावर वाकली होती. "आंटी, ते माझं आहे!" सेआह ओरडले. "मी पहाटेपासून इथे उभा आहे!"

आंटीने नाक पुसून त्यांच्याकडे पाहिलं. "पुडकं तुझं ना? मग तू कुठे होतास रे?"

आणि माझ्या हातातला डबा घेऊन ती उतरली. वरून मी पाहिलं. दोघी एकमेकींना मिठी मारायच्या आधी दोन मिनिटं भांडल्या. मग छत्री पडली. मलाही रडू आलं, पण पुसायला एकही कागद उरला नव्हता.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सु, मी राहतेय इथेच. टार्ट संपले, बोलणं संपत नाहीये." मी ते मनालोंना सांगितलं. ते जेवणघरात जाऊन आले आणि म्हणाले, "गैरसमज होतोय मॅडम. क्वेक मॅडम आपल्या खुर्चीवर हजर आहेत." भोंगा वाजला, जहाज सुटलं.

पुढे नागासाकी आणि तिथून परत सिंगापूरपर्यंत आंटीच्या पुडक्याने प्रवास केला. त्याला रोज सूप वाढलं गेलं. निरोपाच्या समारंभात कप्तानाने त्याच्यासोबत फोटो काढला, आणि एकही तक्रार न करणारा आदर्श प्रवासी म्हणून त्याला रेशमी फीत मिळाली. मिस्टर सेआहना हा अन्याय अजून पचलेला नाही.

हसताय ना? हसा, हसा. एसटीच्या खिडकीतून रुमाल फेकणारी जात आपली, आपल्याला हे नवं नाही. पण रुमालाचं जाऊ द्या. "या मे महिन्यात नक्की येतो" असं म्हणून तुम्ही ज्यांच्या घरची खुर्ची अडवून ठेवली आहे ना, ते ती अजून दुसऱ्या कुणाला देत नाहीत. एप्रिल संपत आला की पुसून ठेवतात.