प्लॅटिपसला एकटं वाटू नये म्हणून

ज्याला एकटं राहायचं आहे त्याला एकटं राहू देणं कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. आमचं वॅरंबिल अतिशय सुसंस्कृत गाव आहे. गावामागच्या ओढ्यात प्लॅटिपस राहतात आणि त्यांच्या कल्याणासाठी आम्ही एक समिती नेमली आहे. (समितीचे सदस्य प्लॅटिपसांहून जास्त आहेत, मात्र सभेला दोघांची उपस्थिती साधारण सारखीच.)

प्लॅटिपसचं सामाजिक वर्तन थोडक्यात सांगायचं तर, ते नसतं. बदकासारख्या चोचीचा हा केसाळ प्राणी काठातल्या बिळात एकटा राहतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. पाण्यात बुडी मारताना डोळे, कान, नाक सगळं बंद करून घेतो आणि तरीही त्याचं पोट व्यवस्थित भरतं. (ही पद्धत आमच्या नगरपालिकेतही यशस्वी ठरली आहे.) मादी शेपटीत ओली पानं धरून बिळात नेते, आतून मातीनं दार लिंपते आणि अंडी घालते. त्या काळात ती कुणालाही भेटत नाही. समितीच्या अध्यक्षा ग्लेनिस प्रिचर्ड यांना ही गोष्ट फार लागली.

"बाळंतिणीनं असं कोंडून घेणं बरं नव्हे," त्या म्हणाल्या. "चार माणसं दिसली की मन रमतं."

तेव्हा, लोकांना येता यावं म्हणून काठावर गाड्या लावायला काँक्रीटची जागा करायचं ठरलं. जागा निवडली ती नेमकी एका मादीच्या बिळावर. (जवळ पडावं म्हणून.)

विरोध केला तो एकट्या नेव्हिल टूहीनं. नेव्हिल निवृत्त प्लंबर. त्याचं घर ओढ्याला लागून. बायको गेल्यापासून तो गावात यायचा तो फक्त माझ्या औषधांच्या दुकानात, गुडघ्याच्या मलमासाठी. तिथंच त्यानं ग्लेनिसबाईंना गाठलं.

"ग्लेनिस, ती आत आहे. पानं नेताना पाहिलंय मी तिला. अंडी घालून बसली असणार."

"मग उत्तमच की. लोक खास तिलाच बघायला येतील."

"तिच्या डोक्यावर काँक्रीट ओतून?"

"नेव्हिल, तू जरा माणसांत मिसळत जा बाबा. एकटं राहिलं की माणूस असं बोलायला लागतो."

खोदायचं यंत्र आलं त्या सकाळी नेव्हिल घडीची खुर्ची घेऊन काठावर जाऊन बसला. यंत्रावरचा कीथ खाली उतरला.

"दोस्ता, सरकतोस का जरा?"

"नाही."

"मग मला चहाची सुट्टी घ्यावी लागेल."

नेव्हिलनं त्याला थर्मासमधला चहा दिला, कीथनं आपल्या डब्यातला अर्धा मटण-पॅटिस दिला. ही सुट्टी आठवडाभर चालली. तोवर वर्तमानपत्रात खुर्चीसकट फोटो आला, मेलबर्नहून लोकांचे रागावलेले फोन आले आणि निवडणूक जवळ असल्यानं नगरपालिकेच्या मनात निसर्गप्रेम दाटून आलं. काँक्रीट रद्द झालं.

एवढा मोठा विजय साजरा करणं भागच होतं. तो कुठं करायचा हा प्रश्नच नव्हता. काठावर शेगड्या पेटल्या, सॉसेज भाजले, बिअरचे खोके उतरले आणि शेजारच्या गावचं बॅगपाइपचं पथक पावलं आपटत त्या बिळावरून दोनदा फिरलं. नेव्हिल एकेकाला सांगत होता, "खाली ती आहे रे, जरा हळू." लोकांनी त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं. वरून तो ओरडला, "नाचू नका इथं." भाषण छोटं पण मुद्देसूद झालं, असं सगळ्यांचं मत पडलं. ग्लेनिसबाईंनी त्याला 'प्लॅटिपसमित्र' असं लिहिलेली पट्टी घातली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. मलम मागायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"मेली असेल रे," तो म्हणाला. "मी तो तमाशा केला नसता तर तिथं एवढी माणसंच आली नसती."

"मग काँक्रीट आलं असतं."

"हो. म्हणजे कसंही करून ती मेलीच."

मग तो यायचाच बंद झाला. मी मलम त्याच्या घरी घेऊन जायचो. तो दार न उघडता आतून म्हणायचा, "ठेव तिथंच."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "पहाटे ये. आणि बोलू नकोस."

आम्ही झाडाआड बसलो. पाण्यावर एक रेघ उमटली. ती मादी होती. तिच्या मागोमाग दोन पिल्लं आली, चपट्या चोची वर काढून, इकडंतिकडं धडकत. नेव्हिलनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते थंडीमुळे असं तो म्हणाला. (फेब्रुवारीत आमच्याकडे उन्हाळा असतो.)

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

मी शब्द पाळला आहे. समितीला अजून पत्ता नाही. तुम्हाला सांगितलं ते वेगळं; तुम्ही वाचणारी, जाणती माणसं. वॅरंबिलला कसं जायचं, हा विचार इथवर वाचताना तुमच्या मनाला शिवलाही नसेल. तरी आलातच, तर अगदी गुपचूप या. गेल्या रविवारी तुमच्यासारखेच गुपचूप येणारे चाळीसजण आले होते. सगळे फार हळू बोलत होते.