एक माणूस कमी

किमान वेतनाचे नवे दर लागू झाल्याची बातमी प्राध्यापक मार्तंड औसेकरांनी सकाळच्या पेपरात वाचली आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपल्यावाचून कुणाचं तरी काही अडलं आहे.

लातूरच्या एका कॉलेजात त्यांची उभी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात गेली होती. फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघांची फुली काढायची, फुलीच्या वर एक आडवी रेघ ओढायची आणि म्हणायचं, "सरकारनं मजुरी इथं नेऊन ठेवली, की एवढी माणसं घरी बसतात." ही आडवी रेघ त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा ओढली होती, की झोपेतही ती वाकडी आली नसती. पंचाईत एवढीच होती, की यंदा ती रेघ त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून गेली होती.

स्वयंपाकघर म्हणजे मेस. औसेकरांचं घर ट्यूशन एरियात. डॉक्टर व्हायला निघालेली अर्ध्या मराठवाड्याची पोरं रोज त्यांच्या फाटकावरून क्लासला जात. ती उपाशी जातात हे सरांच्या पत्नीनं, चंद्रप्रभाबाईंनी पाहिलं आणि तळमजल्यावर मेस काढली. पोळ्यांना तिघी होत्या. नागुबाई पीठ मळायच्या, मनिषा लाटायची, शरणम्मा भाजायची. सरांकडे खाडे होते. खाडा म्हणजे पोरगं जेवायला न आलेला दिवस. तो महिन्याच्या पैशांतून वजा होतो, त्यामुळे एरवी आईचा वाढदिवस विसरणारं पोरगंही खाडा सांगायला विसरत नाही. दाराजवळचं ते टेबल, ती खुर्ची आणि "सर, उद्या खाडा" म्हणत समोर उभी राहणारी पोरं. निवृत्त माणसाच्या अंगावर तेवढीच वस्त्रं उरली होती.

चंद्रप्रभाबाईंनी नव्या दराबद्दल धम्मानंद सोनकांबळेला विचारून घेतलं. धम्मानंद सरांचा जुना विद्यार्थी. आता नांदेडला कर सल्लागार होता आणि मेसचे हिशेब तोच पाहायचा. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "एक तारखेपासून तिघींना नवा दर द्यायचा."

"द्यायलाच पाहिजे," सर म्हणाले. "पण मग एक माणूस कमी करावा लागेल. हा सिद्धांत आहे."

"सिद्धांताला पोळ्या लाटता येतात का?"

सरांनी आकडे मांडून दाखवले. बाईंनी ते शांतपणे पाहिले, कारण आकडे खरे होते. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर मेस बंद करते आणि हॉल गल्लीतल्या रविकिरणला भाड्यानं देते. तो अभ्यासिका काढायला जागा शोधतोच आहे.

सरांनी दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं. अभ्यासिकेत टेबलं पुष्कळ असतात, पण त्यांतलं एकही सरांचं नसतं. शिवाय तिथं बोलायला बंदी. मेस वाचली तर खुर्ची वाचणार होती, आणि मेस वाचवायची तर एकीला काढायलाच हवं होतं. सरांनी हे काम आपल्याकडे घेतलं आणि बाईंना त्यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

शेवटी आलेला आधी जातो, या न्यायानं शरणम्माचा नंबर लागला. ती निलंग्याकडची, चार-सहा महिन्यांपूर्वीच आलेली. पण नुसता नारळ हातात ठेवून कुणाला वाटेला लावणं सरांच्या रक्तात नव्हतं. घरात वावरलेल्या बाईला मानानं निरोप द्यावा, असं त्यांनी ठरवलं. ते गोलाईच्या बाजारात गेले, तीन दुकानं पालथी घातली आणि कर्नाटकी काठाची एक छान इरकल घेऊन आले. बायकोला म्हणाले, "शरणम्माची ओटी भर." बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, आणि ओटी भरली.

मग सरांनी भाषणाला सुरुवात केली. आधी देशाचं एकूण उत्पन्न झालं, नंतर महागाई झाली. "त्यामुळे आता नवा दर लागू झाल्यावर..." इथपर्यंत ते आले, तर शरणम्मा पायांवर वाकलेली.

"कळलं सर," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी आता बोलूच नका."

"कळलं?"

"अव्वा, न कळायला काय झालं? मला रोज वाटायचं, नवी हाय मी, कधी बी जा म्हणतील. म्हणून पोरीला गावाकडंच ठेवलं होतं. आज तुमी साडी नेसवली. आता कोण जा म्हणतंय? आता आणते पोरीला हिकडं."

सरांना आत्ता आठवलं, की ओटी भरून पाठवतात ती लेक असते, आणि ती परत यावी म्हणूनच तर भरतात. हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. पुस्तक मुळात इंग्लंडात लिहिलेलं, आणि तिकडच्या बायका ओटी भरत नसाव्यात.

दुसऱ्या दिवशी नागुबाईंनी पीठ घट्ट मळलं. सगळ्यांत जुन्या त्या, आणि पहिली साडी सगळ्यांत नवीला. त्या घट्ट पिठाच्या पोळ्या अशा निघाल्या, की पोरं त्या चावता चावता क्लासला पोहोचली. मनिषानंही लाटणं जरा जास्तच आपटलं. आठवडा संपायच्या आत खाड्यांची रांग लागली. सर पुन्हा गोलाईत गेले आणि आणखी दोन साड्या आणल्या. दुकानदारानं आपणहून विचारलं, घरी लग्न आहे का.

नवा दर आणि वर साडी, हे पाहून मनिषानं तीन घरची धुणीभांडी सोडून दिली. आधी ती दुपारपर्यंतच यायची, आता दिवसभर थांबू लागली. त्या तीन घरच्या बायका रीतसर भांडायला आल्या. "आमची बाई पळवली तुम्ही," म्हणाल्या. चंद्रप्रभाबाईंनी त्यांना बसवलं आणि भांडणाआधी वरण-पोळी वाढली. भांडण तिथंच संपलं आणि तीन घरचे डबे सुरू झाले. दुसरी बाई मिळेपर्यंत, असं ठरलं. पण जुन्या दरात दुसरी बाई काही मिळेना.

मागोमाग शरणम्माची पोरगी दिपाली आली. ती क्लासला लागली, आणि तिच्यासोबत गावच्या चार मैत्रिणी. कामाच्या बाईला साडी नेसवणारी काकू पोरींना उपाशी ठेवणार नाही, असा त्यांच्या आई-बापांनी हिशेब केला होता. पाची जणी मेसला जेवू लागल्या.

आणि एका सकाळी मुखेडच्या एसटीतून पिशवी घेऊन समीक्षा उतरली. ही नागुबाईंची भाची. सरांनी आपल्या खुर्चीतूनच तिला विचारलं, "तुला कुणी बोलावलं?"

"कुणी न्हाई सर. मावशी बोलली, नवा दर हाय. म्हणून आले."

"याआधी कुठं होतीस कामाला?"

"कुठंच न्हाई. घरीच होते. मागल्या दरात इथलं खोलीभाडं बी निघत न्हवतं. मग कशाला यायचं? आता परवडतंय."

त्यांच्या फळ्यावर मजुरी वाढली की माणसं घरी जात. इथं घरी बसलेलं माणूस एसटीचं तिकीट काढून आलं होतं, आणि तेही मुखेडहून. त्यांनी बायकोला बाजूला बोलावलं आणि सगळी गोष्ट एकदाची सांगून टाकली. साडी निरोपाची होती, शरणम्माला काढायचं होतं, उलटंच झालं.

चंद्रप्रभाबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "आणि मला वाटलं, तुम्हाला म्हातारपणी सुचायला लागलं."

"हसतेस काय? एक कमी करायला निघालो होतो, एक वाढली. आता हिला तरी परत पाठवू."

"परत? डबे कोण भरणार? भांडायला आलेल्या त्या बँकवाल्या बाईंच्या वरच्या मजल्यावरचे पण डबा मागतायत." मग त्यांनी सांगितलं, की खर्च वाढला आहेच, पण जेवणारेही वाढले आहेत आणि आकडा जमतो आहे. मेस बंद करायचा विषय संपला. रविकिरणला त्यांनी कालच नाही म्हणून कळवलं होतं.

सरांनी मोठा सुस्कारा सोडला. खुर्ची वाचली. तो सुस्कारा पुरता बाहेर पडायच्या आत बाई म्हणाल्या, "अहो, जरा उठता का?"

एका तव्यावर एवढ्या पोळ्या निघत नव्हत्या. दुसरी शेगडी मांडायची होती, आणि सगळ्या तळमजल्यावर तेवढी जागा एकच होती, दाराजवळची. नागुबाई आणि समीक्षा टेबलाची दोन टोकं धरून उभ्याच होत्या. दिपालीनं खाड्यांसाठी मोबाईलवर पोरांचा ग्रुप काढून दिला. पैशांसाठी क्यूआर कोडचा छापील कागद भिंतीवर चिकटवला. तो कुणालाही "कोणत्या गावचा रे तू?" असं न विचारता पैसे घेत होता. टेबल अंगणात गेलं. सर टेबलाशेजारी उभे राहिले.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "तुमचा सिद्धांत खरा ठरला. एक माणूस कमी झाला."

दोन दिवस सरांनी अंगणात पेपर जाहिरातींसकट वाचला. तिसऱ्या दिवशी डबे पोचवणारा रिक्षावाला आला नाही, तेव्हा बाईंनी स्कूटीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी घरातली डॉक्टरेटची तसबीर एकदा पाहिली, डबे पायांशी ठेवले आणि निघाले.

पहिल्या घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरच्या आजोबांना व्याजदर कमी का होतात ते समजून घ्यायचं होतं. त्यांना ते समजेपर्यंत तिसऱ्या घरचा डबा गार झाला, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सरांनी आजोबांचं घर शेवटी ठेवलं. आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला डबा घेऊन येणारे सर ठाऊक झाले. खुर्चीत बसून पोरांची वाट पाहण्यापेक्षा हे बरं होतं. इथं लोक सरांची वाट पाहत होते, आणि तीही भुकेल्या पोटी. उभ्या नोकरीत एवढा उत्सुक वर्ग त्यांना मिळाला नव्हता. रिक्षावाला परत आला, तेव्हा सरांनीच त्याला दुसरं काम बघायला सांगितलं.

महिना भरला. बाईंनी चौघींचे पगार दिले. सर तिथंच घुटमळत राहिले.

"तुम्हाला काय हवंय?"

"नवा दर."

"तुम्हाला?" बाईंनी कपाळावर हात मारला. "मला नाही परवडत. मजुरी वाढली की माणूस कमी करावा लागतो, असं कुणीतरी सांगत होतं घरात."

"ते वर्गातलं होतं," सर म्हणाले. "वर्गात ऊन लागत नाही."

आतून पीठ मळता मळता नागुबाई बोलल्या, "देऊन टाका काकू. सर बसले तर डबे तुमी नेनार का? त्या आजोबाला तुमचं व्याज समजायचं न्हाई." शरणम्मा म्हणाली, सरांना नाही तर आम्हालाही नको. ती असं म्हणाली खरी, पण तिनं आपला पगार आधीच पदराच्या गाठीत बांधलेला सरांनी पाहिला.

तेवढ्यात नांदेडहून धम्मानंदचा फोन आला. पगारपत्रक करायचं होतं, सगळी नावं हवी होती.

"पाच लिही," सरांनी सांगितलं.

"चौघी ना, सर? पाचवं कोण?"

"मी."

धम्मानंद चांगला विद्यार्थी होता, हसला नाही. "मग तुम्हाला कोणत्या गटात टाकू, सर? कुशल, अर्धकुशल, का अकुशल?"

सरांनी फोनवर तळवा ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परवा बँकवाल्यांच्या जिन्यात वरण कुणी सांडलं?"

सरांनी तळवा काढला.

"अकुशल लिही," ते आवाज उतरवून म्हणाले. "पण दर नवा लाव."