सहा पायऱ्यांसाठी गॅस

बेटाची मुख्य अडचण अशी असते, की ते चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले असते. (इनिशलोरा बेटाच्या अहवालात हा निष्कर्ष पान चारवर आहे. आधीची तीन पाने आभारप्रदर्शनात गेली.) पाणी हटवण्याची योजना सध्या कोणत्याच विभागाकडे नसल्यामुळे बेटाला काहीतरी पुरवणे हाच मार्ग उरतो. काय पुरवायचे हे बेटाला विचारण्याची पद्धत आहे. बेट सांगेल तेच पुरवण्याची मात्र पद्धत नाही. तसे झाले तर तज्ज्ञांनी काय मेंढ्या राखायच्या?

इनिशलोरा हे केरी या आयरिश परगण्याच्या किनाऱ्यापासून होडीने पाऊण तासावर. लोकसंख्या त्रेचाळीस, घरे एकोणीस. मेंढ्यांची संख्या उपलब्ध नाही, कारण सर्वेक्षणाच्या दिवशी त्या एका जागी उभ्या राहिल्या नाहीत. या बेटाने शासनाकडे एकच गोष्ट मागितली होती: धक्क्याच्या खालच्या सहा पायऱ्या दुरुस्त करून मिळाव्यात. त्या वादळात वाहून गेल्या होत्या, आणि त्यामुळे होडी फक्त भरतीच्या वेळीच लागत असे.

अर्जावर पहिली सही ब्रीदबाईंची होती. वय एक्याऐंशी, एकट्या राहणाऱ्या. उजवा डोळा पूर्वीच गेलेला. डावा टिकवायचा तर दर सहा आठवड्यांनी किनाऱ्यावरच्या ट्रली गावी इस्पितळात जाऊन त्यात इंजेक्शन घ्यावे लागे. इंजेक्शने चुकत गेली तर हाही डोळा जाईल, असे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते. भरतीची वेळ आणि डॉक्टरांची वेळ यांचा छत्तीसचा आकडा, म्हणून पायऱ्या हव्या होत्या.

पायऱ्यांसाठी योजना नव्हती. मात्र दूरस्थ बेटांना द्रवरूप नैसर्गिक वायू पुरवण्याची एक नवीकोरी योजना होती आणि तिला बेट मिळत नव्हते. या योजनेत नैसर्गिक वायू उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत थंड करतात, त्याचा द्रव होतो, तो टाकीत भरून होडीने नेतात आणि बेटावर पुन्हा वायू करून जाळतात. (एवढी थंड वस्तू ऊब मिळावी म्हणून न्यायची, यात काही विसंगती आहे का, असे एका मेंढपाळाने विचारले होते. प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेबाहेरचा होता.) बेटावर गॅस नव्हता असेही नाही. घरोघरी सिलिंडर होते. पण सिलिंडर ही वस्तू झाली, तो उपाय नव्हे.

हे काम ट्रलीतल्या एका सल्लागार कंपनीकडे आले आणि तिथून गंधारकडे. गंधार मूळचा नागपूरचा, तिकडेच मेनूथच्या विद्यापीठात शिकलेला, वय चौतीस, स्वभावाने सरळ. त्याला योजनेत एक गोष्ट फार आवडली. गॅसची होडी लागायला नवा धक्का बांधावा लागतो, आणि धक्का म्हटला की पायऱ्या आल्याच. ब्रीदबाईंच्या डोळ्याची सोय गॅसच्या पोटातून होणार, या विचाराने त्याला खरोखर आनंद झाला.

लोकांचे मत जाणून घ्यायला तो बेटावर गेला. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी "नको, आमचं ग्रँड चाललंय," असे सांगितले. (केरीत "ग्रँड" म्हणजे "छान".) एक जण झोपला होता आणि एक जण आत्ताच जन्मला होता. दुसऱ्याने आकडे बघून हाय खाल्ली असती. पण गंधार अशा समाजात वाढला होता जिथे पाहुणा पहिल्या विचारण्याला पोळी घेत नाही, दुसऱ्यालाही ताटावर हात आडवा धरतो आणि तिसऱ्याला "अर्धीच" म्हणून दोन खातो. केरीत चहाच्या बाबतीत हीच रीत असल्याचे त्याने पाच वर्षे पाहिले होते. म्हणून त्याने प्रत्येकाला तीनदा विचारले. तिन्ही वेळा नकार आला. याचा अर्थ इथले लोक कमालीचे सुसंस्कृत आहेत, असा त्याने काढला आणि अहवालात "सौजन्यपूर्ण संमती, ९५ टक्के" अशी नोंद केली. त्याचा साहेब डेक्लन म्हणाला, की इतका बारीक सांस्कृतिक अभ्यास या कंपनीत आजवर झाला नव्हता.

गंधारची आई वासंती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला जेवताना हे सगळे सांगितल्यावर तिने आमटीचा डाव खाली ठेवला.

"त्या बाईनं पायऱ्या मांगतल्या, अन् तू तिले गॅस काहून देऊन रायला?"

"आई, गॅससोबत पायऱ्या येतात."

"मंग नुसत्या पायऱ्याच आण ना बाप्पा."

"तशी योजना नाही."

"असं," वासंती म्हणाली आणि तिने त्याला भात वाढला. योजना नसलेल्या गोष्टी तिने नागपुरातही पुष्कळ पाहिल्या होत्या.

दीड वर्षात धक्का झाला, आणि झाला तो दृष्ट लागण्यासारखा. सहाच्या जागी चौदा पायऱ्या, बाजूला न गंजणारा कठडा, दर पायरीवर घसरू नये म्हणून पिवळी पट्टी. उद्घाटनाच्या दिवशी ब्रीदबाई कठड्यावरून हात फिरवत खालपर्यंत जाऊन आल्या. "ग्रँड," त्या म्हणाल्या, आणि गंधारला गंगेत घोडे न्हाल्याचे समाधान मिळाले. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांना फाटक बसले.

फाटक नियमाप्रमाणेच होते. गॅसची होडी धक्क्याला असेपर्यंत आजूबाजूच्या दीडशे मीटरमध्ये प्रवाशाला मज्जाव असतो. होडी फक्त शांत समुद्रात येऊ शकते, आणि करारानुसार प्रत्येक शांत दिवशी तिने आलेच पाहिजे. प्रवासी बोटसुद्धा फक्त शांत समुद्रातच निघते. केरीच्या किनाऱ्यावर शांत दिवस आठवड्याला सरासरी दोन. तरीही हिशेब जमत होता, कारण गॅस उतरवायला सहाच तास लागतात आणि मग फाटक उघडते. अट एवढीच, की बेटावरच्या टाकीत जागा हवी. टाकी मात्र नऊशे वस्तीच्या गावाची होती. त्याहून लहान टाकी योजनेच्या अर्जात नव्हती. त्रेचाळीस माणसांनी कितीही चहा केला तरी ती रिकामी होईना. शिवाय आतला द्रव आपोआप थोडाथोडा उकळत राहतो. तो वायू जाळला नाही तर टाकीतला दाब वाढतो, आणि हवेत सोडला तर पर्यावरणाचा नियम मोडतो. त्यामुळे भरलेली होडी धक्क्याला तिष्ठत राही, आणि फाटक बंद.

ब्रीदबाईंची दोन इंजेक्शने चुकली.

गंधारने अपवादासाठी अर्ज केला. उत्तर तत्परतेने आले. आणीबाणीत कोणालाही फाटकातून जाता येते. परंतु सदर बाईंची वेळ सहा आठवडे आधीच ठरलेली असल्यामुळे तिला आणीबाणी म्हणता येत नाही. दृष्टी गेल्यास ती आणीबाणी समजण्यात येईल. गंधारने ते पत्र दोनदा वाचले. त्यात चूक काढता येईना, याची त्याला भीती वाटली.

तेव्हा त्याने बेटावरच्या सभागृहात सगळ्यांना बोलावले आणि परिस्थिती सांगितली. जितका गॅस जळेल तितकी टाकी लवकर रिकामी होईल, तितकी होडी लवकर परतेल आणि तितके फाटक लवकर उघडेल. मग पोस्ट सांभाळणारा माणूस म्हणाला, "ब्रीदसाठी ना? मग जाळू की."

आणि त्यांनी जाळला. जूनमध्ये एकोणीसच्या एकोणीस घरांत हीटर लागले आणि खिडक्या सताड उघडल्या. सभागृह रात्रंदिवस गरम ठेवले. तिथे टोमॅटो पिकले. प्रत्येक घराने दिवसभर पातेल्यात नुसते पाणी उकळायचे ठरवले. कोणाची पाळी चुकली तर शेजारी येऊन शेगडी पेटवून जात. कपडे वाळत घालायला दोरी वापरणे असभ्य समजले जाऊ लागले. वासंतीने फोनवरून सल्ला दिला. "त्याईले म्हणा, कुकर नका लावू. तुरीची डाळ घ्या, उघड्या गंजात शिजवा. दुपार जाते." गंधारने ट्रलीहून दहा किलो तूरडाळ पाठवली. बेटाने ती शिजवली आणि मेंढ्यांनी आवडीने खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात टाकीत जागा झाली. होडी आली, सहा तासांत परतली, फाटक उघडले. ब्रीदबाई चौदा पायऱ्या उतरून बोटीत बसल्या तेव्हा अख्खे बेट काठावर उभे होते. ट्रलीच्या बंदरावर गंधार गाडी घेऊन आला होता. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. डोळा निम्मा वाचला होता. यापुढे खंड पडायला नको, असे डॉक्टर म्हणाले.

महिनाअखेर मीटरचे आकडे कंपनीत आले. इनिशलोराचा वापर एक हजार चाळीस टक्क्यांनी वाढला होता. एवढी मागणी असलेले बेट विभागाने पूर्वी पाहिले नव्हते. डेक्लनने केक मागवला.

"पण ते मुद्दाम जाळतायत," गंधार म्हणाला. "त्यांना गॅस नकोच आहे. फाटक उघडावं म्हणून जाळतायत."

"बरोबर असेल तुझं," डेक्लन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "पण फॉर्मवर आकडा लिहायला जागा आहे. कारण लिहायला नाही."

गंधारने फॉर्म उलटापालटा करून पाहिला. खरेच नव्हती. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. पावणेपाचला त्याने सही केली. त्या सहीची त्याला लाज वाटली. फॉर्म पुढे गेला, लाज जागेवरच राहिली.

वाढती मागणी लक्षात घेऊन दुसरी होडी मंजूर झाली. आता एक गॅस उतरवते आणि दुसरी शेजारी थांबते. धक्का एकाही शांत दिवशी मोकळा नसतो. वादळी दिवशी फाटक उघडे ठेवण्यात येते. बेटाने महिनाभर आणखी जोरात गॅस जाळून पाहिला. तेव्हा तिसऱ्या होडीचा प्रस्ताव निघाला. मग पोस्टातल्या माणसाने घरोघर जाऊन शेगड्या बंद करायला सांगितले. भीक नको पण कुत्रा आवर, असा अर्ज त्याला करायचा होता. टाकीतला दाब वाढल्याबद्दल बेटाला नोटीस आली.

ब्रीदबाईंची आणखी चार इंजेक्शने चुकली. पाचव्या वेळेस इस्पितळातून कळवले, की आता घाई करण्याचे कारण नाही.

प्रकल्पाला आदर्श प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा जनतेसाठी एक फोटो लागला. गंधारच तो काढायला गेला. बेटावर त्याला सगळे ओळखत. ब्रीदबाईंना त्याने खांद्याला धरून शेगडीपाशी उभे केले. निळी ज्योत, पांढरे केस, अंगात लोकरी स्वेटर.

"इकडे बघा," तो म्हणाला.

"कुठे?" त्यांनी विचारले.

त्याने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. मग म्हणाला, "आहात तशाच राहा. छान दिसताय."

"ग्रँड," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

फोटो सगळीकडे फिरला. "दूरच्या बेटावर पोहोचली ऊब" या ओळीखाली अठरा हजार लोकांनी त्याला अंगठा दिला. आजीबाई कॅमेऱ्याच्या बऱ्याच डावीकडे, भिंतीकडे बघताहेत, हे त्यांच्यापैकी एकालाही खटकले नाही. प्रतिक्रिया एकाहून एक सरस आहेत. सर्वात जास्त पसंती मिळालेली अशी आहे: "किती तृप्त नजर!" ती लिहिणाऱ्याचे नाव इथे द्यायची गरज नाही. सकाळी चहा घेताघेता आपण काय काय लिहितो, हे तुमच्या लक्षात राहत नसेलच.